रंगाखालचें काम : मोटारीचा पत्रा आणि गंज

खामगांवच्या चांदीला दूरदूरचें गिऱ्हाईक आहे. त्यामुळें धातु जुना झाला म्हणजे काय होतें, हें तेथील गृहिणींना निराळें सांगावें लागत नाहीं. देवघरांतली चांदीची समई काळवंडली, कीं सणाच्या आदल्या दिवशीं ती रांगोळीनें घांसावी. ती पुन्हां पहिल्यासारखी उजळते. चांदीवर हवेंतील गंधकामुळें एक पातळ पुट चढलेलें असतें. तें निघालें, कीं खालची चांदी जशीच्या तशी. पण त्याच घराच्या अंगणांत उभ्या असलेल्या मोटारीच्या दाराला खालच्या कडेशीं तांबूस फोड आला, तर हा न्याय लावून चालत नाहीं. लोखंडाचा गंज म्हणजे वरचें पुट नव्हे. लोखंड, पाणी आणि प्राणवायु यांच्या संयोगानें तो बनतो. त्याला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते; म्हणून तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि प्रत्येक पापुद्र्याखालीं नवें लोखंड पाण्याला मोकळें होतें. चांदी काळी पडून थांबते. लोखंड तांबडें होऊन थांबत नाहीं.

मोटारीच्या बाबतींत हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण तेथें गंजाला खाण्यास धातुच थोडा असतो. दारांच्या आणि मडगार्डांच्या पत्र्याची जाडी साधारणपणें पाऊण मिलिमीटर. आणि त्यावर चढविलेले रंगाचे सर्व थर एकत्र धरले तरी ते एक-दशांश मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या एका पानाइतके. पाहणारा पाहतो तें हें पान. गाडी उभी असते ती त्याखालच्या पत्र्यावर. शिवाय बहुतेक मोटारींना ट्रकप्रमाणें स्वतंत्र चासी नसते; तळाचा पत्रा, दाराच्या उंबऱ्याखालच्या पोकळ पट्ट्या आणि दारांमधले खांब एकमेकांस जोडूनच तिचा सांगाडा तयार होतो. बसण्याची बैठक त्या तळालाच आवळलेली असते, आणि छातीवरून घेण्याचा पट्टाही तळाला आणि खांबालाच अडकविलेला असतो. तळ कुजला म्हणजे केवळ रूप गेलें असें नव्हे. ज्याच्या भरंवशावर माणसें बसतात तो आधारच गेला.

वऱ्हाडांत गंज येतो कोठून, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. मुंबईला समुद्र आहे. तेथील खारट दमट हवेंत लोखंड टिकत नाहीं हें सर्वश्रुत आहे. २०२३ साली रस्त्यावरून अखेरच्या निघून गेलेल्या तेथल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्यांचे तळ ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना याची साक्ष नको. पण खामगांव समुद्रापासून शेंकडों मैल आंत. उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जाणारा हा मुलूख. येथें लोखंड सुखानें रहावें, असेंच वरवर वाटतें.

वस्तुतः मीठ समुद्रांतच असतें असें नाहीं. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून एक विस्तीर्ण खारपाणपट्टा गेलेला आहे. शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या बाजूंच्या अनेक गांवांतील विहिरींचें पाणी तोंडांत घेववत नाहीं, इतकें खारट. तें पिण्यास शक्यतों कोणी घेत नाहीं. मग तें जातें कोठें? कपड्यांना तें चालत नाहीं, झाडांना सोसत नाहीं. म्हणून निरुपयोगी समजलेलें तें पाणी मोठ्या औदार्यानें मोटारीवर ओतलें जातें! पाणी उन्हानें उडून जातें, परंतु त्यांतील क्षार पत्र्यांच्या जोडांत आणि रबरी पट्टीखालीं शिल्लक राहतात. पुढच्या रविवारीं आणखी थोडे. रात्रीं हवेंत ओलावा वाढला, कीं हे क्षार तो शोषून घेतात, आणि बाहेरून कोरडी दिसणारी गाडी आंतून ओलीच राहते.

दुसरा शत्रु म्हणजे ज्या मातीनें हा प्रांत धनवान केला तीच. जलंबहून खामगांवपर्यंतचा आगगाडीचा लहानसा फांटा १८७० साली घातला गेला तो येथल्या कापसासाठीं, आणि कापूस पिकतो तो काळ्या मातीच्या जोरावर. ही माती पाणी धरून ठेवते म्हणून शेतकरी तिला मानतो. पण तोच चिखल मडगार्डाच्या आंतल्या वळणांत घट्ट बसला, म्हणजे पाऊस उघडून आठ-आठ दिवस झाले तरी आंतला भाग ओलसरच असतो. त्यांतून गाडीच्या मागील भागांत पेरणीच्या दिवसांत खताची गोणी टाकून नेण्याची पद्धत आहे. पोटॅशचें जें खत सामान्यतः मिळतें तें मिठाचेंच भावंड. गोणींतून सांडलेला मूठभर चुरा सतरंजीखालीं गेला, कीं वर्षभर तेथें त्याचें काम निमूटपणें चालतें.

हें काम चालतें तरी कसें? केंब्रिज येथील यूलिक इव्हॅन्स या शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लोखंडाच्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एकच थेंब ठेवून त्याचें निरीक्षण केलें. सामान्य समजुतीप्रमाणें जेथें हवा अधिक तेथें लोखंड अधिक झिजावयास हवें. घडलें उलट. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते, तेथें लोखंड सुरक्षित राहिलें. मध्यभागीं, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें तें विरघळूं लागलें. थेंबाच्या पोटांत एक चिमुकला विद्युत्-घटच तयार झाला होता, आणि पाण्यांतलें मीठ त्याची वीज वाहून नेत होतें. मोटारीचा पत्रा पट्टीखालीं, जोडाच्या फटींत, चिखलाच्या थराखालीं आणि रंगाच्या फोडाखालींच अगोदर कां जातो, याचा उलगडा त्या एका थेंबांत आहे. गंज उघड्यावर कमी आणि आडोशाला अधिक खातो.

खामगांवांतल्या एखाद्या घरचा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. वडिलांनीं कपाशीच्या अडतीवर मिळविलेल्या पैशांतून १९८४ च्या सुमारास घेतलेली प्रीमियर पद्मिनी. वडील गेले, गाडी राहिली. मुलानें ती विकली नाहीं. वडिलांच्या वेळीं गाडी ओल्या फडक्यानें पुसली जाई, कारण पाणी शेंदून आणावें लागे. मुलाच्या वेळीं अंगणांत कूपनलिका झाली, पंप बसला, आणि दर रविवारीं जोराच्या धारेनें गाडीला स्नान घडूं लागलें. सेवा वाढली तसा गंजही वाढला, ही गोष्ट त्या सद्गृहस्थांच्या ध्यानांतही आली नाहीं. मुलीच्या लग्नाच्या वेळीं त्यांनीं गाडीला चार दिवसांत नवा रंग देवविला. वऱ्हाडी मंडळींनीं तोंड भरून कौतुक केलें. दोन पावसाळे गेले आणि दाराच्या खालच्या कडेला फोड दिसूं लागले. खासगी गाडीस पंधरा वर्षें झालीं म्हणजे पुढें दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें, आणि त्या वेळीं तपासणी होते. ती तारीख जवळ आलेली. म्हणून ते एका वृद्ध मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्रीनें रंगाकडे पाहिलेंच नाहीं. चालकाच्या पायाखालची सतरंजी उचलली, पेचकस घेतला आणि पत्र्यावर हलकेंच टोचूं लागला. तीन ठिकाणीं टणटण आवाज आला. चवथ्या ठिकाणीं आवाज आला नाहीं. पेचकस मुठीपर्यंत खालीं गेला.

"भाऊ, तुम्ही रंग पाह्यला, आन् पान्यानं भोक पाह्यलं," तो म्हणाला.

"मिस्त्री, तेवढ्या जागेंत पुट्टी भरून वरून रंग दिला तर भागणार नाहीं का?"

"भागते ना, भाऊ. एक पावसाळा भागते."

या संवादांत त्या धंद्याचें सारें मर्म आलें आहे. जो पत्रा आरपार गेला त्याला रंग नाहीं, अस्तर नाहीं, पुट्टीही नाहीं. तो भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा आणि नवा तुकडा जोडून घ्यावा, हाच एक उपाय. पुट्टी खळगा भरते, भार सोसत नाहीं. आणि ती सच्छिद्र असल्यामुळें ओलावा शोषून खालच्या गंजाला पाणी पाजीत राहते. जोडकामापूर्वीं बॅटरीची तार सोडावी, आणि काम पेट्रोलच्या टाकीजवळ असेल तर टाकी उतरवून दूर ठेवावी. ठिणगीला वय आणि अनुभव यांची ओळख नसते.

जेथें पत्रा अजून शाबूत आहे तेथलें काम निराळें, आणि तेंच खरें कौशल्याचें. प्रथम गोड्या पाण्यानें माती आणि क्षार धुऊन काढावे. क्षार तसेच ठेवून घांसूं लागलें, तर पॉलिश पेपर ते पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत आणखी आंत दाबतो. मग सैल झालेला रंग आणि गंजाचे पापुद्रे खरवडावे, तारेचा ब्रश मारावा, आणि सुमारे ८० नंबरच्या जाड पेपरनें पत्रा उजळ निघेपर्यंत घांसावें. फोड जेवढा दिसतो तेवढ्यावर थांबूं नये. रंगाची कड घट्ट लागेपर्यंत, चोहोंबाजूंनीं दोन बोटें अधिक, असें मागें जावें. चाकाच्या यंत्रानें घांसण्याचा मोह आवरावा. पत्रा पाऊणच मिलिमीटर आहे. गंजानें सोडलेला भाग यंत्र खाऊन टाकतें. पुढें १२० ते १८० नंबरच्या पेपरनें ओरखडे मऊ करावे, परंतु पत्रा आरशासारखा गुळगुळीत करूं नये. अस्तराला धरण्यासाठीं थोडा खडबडीतपणा हवाच.

कितीही घांसलें तरी खड्ड्यांच्या तळाशीं काळसर ठिपके राहतातच. त्यांच्यासाठीं फॉस्फोरिक आम्लाचीं किंवा टॅनिनचीं द्रावणें मिळतात. टॅनिनची करामत महाराष्ट्राला नवी नव्हे. पूर्वीं हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घालून काळी शाई करीत. हिरड्यांतलें टॅनिन आणि हिराकशींतलें लोखंड यांचा तो संयोग. गंजावर टॅनिन लावलें म्हणजे तोच काळा, स्थिर पदार्थ पत्र्यावर तयार होतो. मात्र हें औषध उरल्यासुरल्या गंजासाठीं आहे. पापुद्र्यांवर ओतण्यासाठीं नाहीं. न्हाणीघर धुण्याचें ॲसिड वापरून गंज क्षणांत काढून दाखविणारे कांहीं चतुर लोक असतात. तें खरोखरच क्षणांत निघतें. पण त्या ॲसिडांतलें क्लोराइड पत्र्यांत राहतें, आणि खारपाणपट्टा सोडून आलेल्या गाडीला तो पट्टा घरपोंच मिळतो.

फॉस्फरस आणि लोखंड यांचें सख्य फार जुनें आहे. दिल्लीस कुतुबमिनाराजवळचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें उन्हापावसांत उभा आहे. त्याच्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण आजच्या पोलादाहून बरेंच अधिक असून त्यामुळें त्याच्या अंगावर एक संरक्षक थर जमला, असें कानपूर आय.आय.टी.चे धातुशास्त्रज्ञ बालसुब्रमण्यम यांनीं दाखवून दिलें. इंग्लंडांत टॉमस कॉस्लेट यानें १९०६ साली लोखंडावर मुद्दाम फॉस्फेटचा थर चढविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. आज कारखान्यांत मोटारीचें सबंध कलेवर फॉस्फेटच्या हौदांत आणि त्यानंतर विजेच्या साहाय्यानें रंग चढविणाऱ्या दुसऱ्या हौदांत बुडवितात. त्यामुळें अस्तर अशा पोकळींत आणि जोडांत जाऊन बसतें, कीं तेथें कोणाही रंगाऱ्याचा ब्रश कधीं पोंचणार नाहीं. यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. कारखान्याचें अस्तर जेथें घट्ट आहे तेथें तें "सगळी गाडी साफ करूं" या उत्साहाच्या भरांत उतरवूं नये. त्याच्या तोडीचें दुसरें गल्लींत मिळत नाहीं.

घांसणें संपलें, कीं तेलकटपणा काढणें. येथें कल्हईवाल्याचें स्मरण होतें. तो पातेलें नुसतें तापवून कथील फांसत नाहीं. अगोदर तें घांसून स्वच्छ करतो, तापल्यावर नवसागराची पूड टाकतो, आणि मगच कथील फिरवितो. जेथें मळ राहिला तेथें कल्हई बसत नाहीं आणि लबाडी तत्काळ उघडी पडते. रंगाच्या कामांत हीच लबाडी वर्षभर झांकून राहते, एवढाच फरक. पुष्कळ ठिकाणीं शेवटचा हात रॉकेलचा फिरवितात. तो उपयोगी नाहीं, कारण रॉकेल स्वतःच पातळ तेलकट थर मागें ठेवतें. त्याकरितां मिळणारें तेलकट काढण्याचें द्रावण एका फडक्यानें लावावें, आणि तें सुकण्यापूर्वींच दुसऱ्या कोरड्या फडक्यानें पुसून घ्यावें. सुकूं दिलें तर मळ जागच्या जागीं पुन्हां बसतो. यानंतर पत्र्याला उघडा हात लावूं नये. घामांत मीठ असतें. रंगाखालून उमटलेले बोटांचे तांबूस ठसे दिसतात ते यामुळेंच.

उघडा उजळ पत्रा रात्रभर तसाच ठेवणें हा तर सर्रास आढळणारा दोष आहे. सकाळीं त्यावर जो फिकट तांबूसपणा दिसतो, त्याला कोणी गंज म्हणत नाहीं. पण तो गंजच असतो. घांसलेला पत्रा त्याच दिवशीं, शक्य तर कांहीं तासांतच, अस्तराखालीं गेला पाहिजे.

अस्तराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. गांवोगांवच्या मारुतीला परंपरेनें जो शेंदूर लावतात, तो शिशाचें ऑक्साइड. आणि पुलांच्या तुळ्यांना दीर्घकाळ दिलें जाणारें तांबडें अस्तर म्हणजेही हाच शेंदूर, उकळलेल्या जवसाच्या तेलांत घोटलेला. जवसाचें तेल हवेंतला प्राणवायु घेऊन हळूहळू घट्ट होतें, आणि शेंदूर लोखंडाच्या पृष्ठभागाला गंजापासून जपतो. काम उत्तम, परंतु शिसें विषारी आहे. असा जुना रंग कोरडा घांसला तर त्याची धूळ घरांतल्या लहान मुलांच्या अंगीं लागते. भारतांत घरगुती आणि शोभेच्या रंगांतलें शिसें दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला आहे. मोटारीच्या कामाला शेंदराची जागा आतां झिंक फॉस्फेटनें आणि इपॉक्सीनें घेतली आहे.

उघड्या पत्र्यावर पहिला हात इपॉक्सी अस्तराचा द्यावा हें बरें. तें दोन डब्यांतून येतें. डब्यावर सांगितलेल्या प्रमाणांतच दोन्ही मिसळावें, आणि जेवढें ठराविक वेळांत संपेल तेवढेंच कालवावें. अंदाजानें अधिक ओतल्यास तें लवकर वाळेल, ही समजूत चुकीची आहे. प्रमाण चुकलेलें अस्तर पुरतें कधींच घट्ट होत नाहीं. रंग धारदार कडेवरून मागें सरकतो आणि नेमका तेथेंच पातळ राहतो. म्हणून कडा पेपरनें किंचित् गोल कराव्या, आणि कडा, जोड व बोल्टांच्या भोंवतालची जागा यांना अगोदर ब्रशनें एक हात देऊन मग सबंध भागावर द्यावा. हात पातळ द्यावे. एका जाड हातापेक्षां तीन पातळ हात, आणि दोहोंमध्यें डब्यावर लिहिलेला अवकाश.

खळगे भरण्याची पुट्टी लावावयाची ती या अस्तरावर, आणि तीही थोडी. त्यावर येणारें जें करड्या रंगाचें, घांसून सपाट करण्याचें अस्तर असतें, त्याविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. मडगार्डाला करडा रंग लागला, आतां गंजाची भीति नाहीं, म्हणून गाडी तशीच महिनाभर रस्त्यावर फिरते. मालकाची पैशांची सोय झाली म्हणजे वरचा रंग. पण तें करडें अस्तर सच्छिद्र असतें. एका पावसांत तें ओलें होतें, आणि नंतर दिलेला सुंदर रंग त्या ओलाव्याला झांकण घालतो. पैसे अपुरे असतील तर एकच दार पुरतें करावें. चारही दारें अर्धीं ठेवूं नयेत.

रंगाचा फवारा मारतांना तोंडाला रुमाल बांधणें म्हणजे संरक्षण नव्हे. दोन भाग मिसळून होणाऱ्या वरच्या रंगांत आयसोसायनेट नांवाचें द्रव्य असतें. त्यानें कायमचा दमा जडूं शकतो. त्यासाठीं योग्य मुखवटा आणि वाहती हवा हवी. घरच्या माणसानें हौसेनें अस्तरापर्यंतचें काम ब्रशनें करावें. हा शेवटचा फवारा मात्र ज्याच्याकडे ती सामग्री आहे त्याच्यावर सोंपवावा. रंगाऱ्याच्या पोरसवदा मदतनिसाला मुखवट्यावांचून त्या धुरळ्यांत उभें करणारा मालक गाडीचा पत्रा वांचवितो आणि माणसाचीं फुप्फुसें गंजवितो.

ऋतूचाही विचार हवा. हवेंतली आर्द्रता शेंकडा ८५ च्या वर असेल, किंवा पत्र्याचें उष्णतामान दंवबिंदूच्या वर निदान तीन अंश नसेल, तर रंग देऊं नये असा या धंद्यांतला मान्य दंडक आहे. साध्या भाषेंत, श्रावणांत पावसाची उघडीप पडली म्हणून घाई करूं नये, आणि थंडींत संध्याकाळीं दंव उतरूं लागल्यावर फवारा उचलूं नये. वैशाखांतल्या उन्हांत तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्यापूर्वींच वाळतो, तोही कामाचा नाहीं. खामगांवच्या हवेंत दसऱ्यानंतरचे आणि संक्रांतीच्या पुढचे कोरडे दिवस, सकाळीं दहा ते दुपारीं तीन, हे सर्वांत चांगले. दसऱ्याला गाडीची पूजा होतेच. त्याच दिवशीं हाराबरोबर गाडीचें पोटही पाहिलें जावें. पावसाळ्याचा चिखल तेव्हां ताजा वाळलेला असतो.

पोटाकडे लक्ष देणारे कांहीं आहेत. परंतु तेथें त्यांचा उपाय बहुधा डांबर. स्वच्छ आणि अस्तर दिलेल्या पत्र्यावर तसला जाड लेप ठीक आहे. गंजावर फांसलेलें डांबर मात्र पुढें तडकतें, तडीतून पाणी आंत शिरतें आणि बाहेर निघत नाहीं. वरून काळेंभोर, निरोगी दिसतें, आणि आंतून पत्रा पीठ होत जातो. पावसाळ्यापूर्वीं इंजिनाचें जुनें तेल फवारण्याची चाल आहे, तीही तितकीशी बरी नाहीं. तेलानें रबराचे भाग फुगतात, धूळ चिकटते, आणि तेल ठिबकून मातींत जातें. पोकळ भागांसाठीं मेणासारखें पातळ द्रव्य मिळतें. तें नळीनें आंत सोडावें. ब्रेकची नळी गंजलेली असेल तर ती रंगवूं नये. ती बदलावी. याबाबत काटकसरीला जागा नाहीं.

पाण्याविषयीं शेवटीं एवढेंच. बुलढाणा जिल्ह्यांत गोडें पाणी मोटारीवर उधळावें, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. वडिलांचें ओलें फडकें हीच उत्तम रीत होती. खारें पाणी वापरल्याशिवाय गत्यंतर नसेल, तर शेवटची एक बादली गोड्या पाण्याची असावी, आणि ती छपरावर न ओततां चाकांच्या वळणांत आणि दारांच्या खालच्या कडांवर ओतावी. पहिल्या सरींनंतर पन्हाळीखालीं धरलेलें पावसाचें पाणी या कामाला सर्वांत निर्मळ.

त्या पद्मिनीच्या तळाला दोन नवे तुकडे बसले, तीन दारांच्या कडा उजळून निघाल्या. चार दिवसांचें काम तीन आठवडे चाललें. त्यांतले रंगाचे दिवस दोन. गृहस्थ रोज संध्याकाळीं येत, आणि अजून रंग कां नाहीं म्हणून पाहून जात. पुढें पुढें त्यांनीं विचारणें सोडलें आणि स्वतःच पॉलिश पेपर हातीं घेतला. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या रात्रीं ते कंदील घेऊन अंगणांत गेले आणि सतरंजी उचलून तळावर हात फिरविला. तळ कोरडा होता. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं हें मिस्त्रीला आनंदानें सांगितलें. मिस्त्रीनें ऐकून घेतलें, खराट्याची एक काडी मोडली, आणि गाडीजवळ उकिडवा बसून डाव्या दाराच्या खालचें पाणी जाण्याचें भोंक शोधूं लागला. काडी अगोदर अडली. मग ती मोकळी गेली, आणि तिच्या मागोमाग दाराच्या पोटांतलें वाटीभर पाणी त्याच्या मनगटावरून वाहत खालीं आलें.